निवळलेले पाणी, तळचा गाळ

लातूरच्या बाजारात तीस-पस्तीस वर्षे आडतीचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थांची ही हकिकत आहे. त्यांना सारा बाजार भाईजी म्हणतो, आणि येथे तेवढेच नाव पुरेसे आहे. वय अठ्ठावन्न. पहाटे सामायिक, चतुर्दशीला उपवास, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही. सौद्याला सच्चे. शेतकऱ्याची पट्टी त्याच दिवशी चुकती करावी, हा वडिलांपासून चालत आलेला दंडक त्यांनी कधी मोडला नाही. अशा माणसाच्या घरात सुख नांदायला हवे होते. परंतु संध्याकाळी भाईजींच्या गाडीचा आवाज आला की घरातली माणसे बोलता बोलता थांबत.

कारण एकच होते, त्यांचा क्रोध. तो रोज येत नसे. पण येई तेव्हा आवरत नसे. काट्यावर दोन किलोंचा फरक, मुनीमजींनी रोजमेळात उशिरा केलेली नोंद, कोणी परस्पर दिलेली उधारी, एवढे निमित्त पुरे होई. त्या क्रोधाच्या जोडीला काही सवयी होत्या. त्यांकडे घरातले विनोदाने पाहत. दुकानाचे कुलूप तीनदा ओढून पाहायचे. मोजलेली रोकड पुन्हा मोजायची. घरी आल्यावर चपला उंबऱ्याबाहेर न ठेवता आत आणून कपाटात ठेवायच्या आणि कपाट लावायचे. व्यापारी माणूस सावधच असायचा, असे सगळ्यांनी धरून चालले होते.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने एका गिऱ्हाइकाला वडिलांना न विचारता सोयाबीनचा माल उधारीवर दिला. चार लाख साठ हजार रुपये अडकले. आडतीत पैसे अडकणे काही नवे नाही. वसुली मागेपुढे होतच असते. परंतु भाईजींनी मुलाला भर गादीवर, हमाल, शेतकरी आणि दोन परगावचे खरेदीदार यांच्यादेखत जे सुनावले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. मुलगा एक अक्षर बोलला नाही. गल्ल्याची किल्ली त्याने मुनीमजींच्या हाती दिली आणि तो निघून गेला. पुढच्याच महिन्यात त्याने पुण्यात नोकरी धरली. आईशी तो फोनवर बोले. वडील जवळ आहेत असे कळले की फोन ठेवी.

भाईजींना पश्चात्ताप झाला नाही असे नाही. संध्याकाळच्या प्रतिक्रमणात त्यांनी त्या क्रोधाची आलोचना अनेकदा केली. पहाटेच्या सामायिकाला दुसरे सामायिक जोडले. अठ्ठेचाळीस मिनिटे आसनावर बसून क्रोधाचा विचार मनात येताच तो झटकायचा, नवकाराची माळ धरायची, असा त्यांचा उपक्रम चाले. आसनावर मन शांत होई. गादीवर बसल्यावर तासाभरात कोणाचा तरी पाणउतारा झालेला असे. एकदा त्यांनी पत्नीला विचारले, "इतकी सामायिके केली, ती गेली कुठे?" त्या माउलीपाशी उत्तर नव्हते.

उत्तराचा पहिला धागा त्यांच्या भाचीकडून मिळाला. ती पुण्यात समुपदेशनाचे काम करते. नात्यातल्या माणसाचे समुपदेशन आपण करायचे नसते, हा त्या व्यवसायाचा नियम आहे. म्हणून तिने स्वतः काही न करता मामांना आपल्या एका वडीलधाऱ्या सहकारी बाईंकडे पाठवले. पाठवण्याआधी एवढेच म्हणाली, "मामा, तुम्ही रागाला पन्नास वर्षे हाकलताय. तो कशासाठी येतो, हे त्याला एकदा तरी विचारलंत का?" भाईजींना हा प्रश्न पोरकट वाटला. तरीही ते गेले. मुलगा परत यावा, एवढा एकच हेतू त्यामागे होता.

त्या बाई ज्या पद्धतीने काम करतात तिला 'इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स' म्हणतात. मनातल्या कुटुंबाची उपचारपद्धती, असे तिला मराठीत म्हणता येईल. अमेरिकेतील रिचर्ड श्वार्त्झ यांनी ती 1980 च्या दशकात विकसित केली. श्वार्त्झ मूळचे कुटुंबोपचार करणारे. खाण्यावरचा ताबा सुटणाऱ्या आणि मग स्वतःलाच शिक्षा करणाऱ्या रुग्णांशी बोलताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. "माझा एक भाग असे म्हणतो, दुसरा तसे म्हणतो," असे ही माणसे वारंवार सांगत. श्वार्त्झ यांनी ही भाषा अलंकारिक न मानता गंभीरपणे घेतली. घरातल्या माणसांमध्ये जशा भूमिका वाटल्या जातात, तशा मनातही वाटल्या जातात, असे त्यांना दिसले. काही भाग कारभार पाहतात. ते हिशेब ठेवतात, सावध राहतात, चूक होऊ देत नाहीत. काही भाग आग लागली की धावून येतात. मग विझवताना घराची मोडतोड झाली तरी त्यांना पर्वा नसते. आणि या दोघांच्या पहाऱ्याआड, बहुधा लहानपणीचा, एखादा दुखावलेला भाग कोंडून ठेवलेला असतो. त्याचे दुःख पुन्हा वर येऊ नये म्हणूनच सगळा बंदोबस्त. या सर्वांपलीकडे माणसात एक शांत, जिज्ञासू, करुणामय केंद्र असते आणि ते कधी नष्ट होत नाही, असे ही पद्धत मानते.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या व्यापाऱ्याला हे समजायला वेळ लागला नाही. घरात एक हिशेबी काका असतो आणि एक भडक डोक्याचा काका असतो. दोघेही घराच्या भल्यासाठीच झटतात आणि दोघांचे आपसात पटत नाही. भाईजींनी हीच उपमा बाईंना दिली, तेव्हा त्या हसल्या.

भाईजींची अडचण वेगळीच होती, आणि ती त्यांनी दुसऱ्याच भेटीत मांडली. क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. त्यांना जिंकायचे असते. जिनांचा अनुयायी क्रोधाला समोर बसवून त्याची विचारपूस कशी करणार? शत्रूला पाट मांडून द्यायचा काय? बाई जैन नव्हत्या. त्यांनी वाद घातला नाही. पण घरी येताना भाईजींना चातुर्मासात ऐकलेले एक व्याख्यान आठवले. कर्मशास्त्रात मोहाचा उपशम आणि क्षय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवळी उगाळून घातली की गढूळ पाणी नितळ दिसते, पण गाळ तळाशी तसाच असतो. भांड्याला धक्का लागला की पाणी पुन्हा गढूळ होते. हा उपशम. गाळ मुळीच उरला नाही, तर तो क्षय. उपशमाच्या वाटेने अकराव्या गुणस्थानापर्यंत चढलेला साधकसुद्धा तेथून खाली येतोच, असे शास्त्र सांगते. कुठे अकरावे गुणस्थान आणि कुठे आडतीची गादी! त्या महान श्रेणीशी स्वतःची तुलना करण्याचा उद्दामपणा भाईजींच्या मनातही आला नाही. परंतु पहाटे निवळी घालायची आणि दहा वाजता भांडे हिंदकळले की गढूळ व्हायचे, हे चित्र आपलेच आहे, एवढे त्यांना लख्ख कळले. त्यांनी क्रोध जिंकला नव्हता, केवळ खाली बसवला होता. तळाशी काय आहे, हे वाकून पाहिले नव्हते.

पाहणे हा शब्द तर आपल्याच परंपरेतला. आचार्य तुलसी यांच्या काळात, 1975 मध्ये, मुनी नथमल म्हणजे पुढचे आचार्य महाप्रज्ञ यांनी ध्यानाची जी पद्धती मांडली, तिचे नावच प्रेक्षा, म्हणजे खोलवर पाहणे. भाईजी स्थानकवासी असले तरी फार पूर्वी एका शिबिरात त्यांनी श्वासप्रेक्षा आणि कायोत्सर्ग शिकले होते. ते शिक्षण आता उपयोगी पडले. डोळे मिटून श्वास पाहणे, शरीर सैल सोडणे, मग क्रोध शरीरात कुठे बसला आहे ते शोधणे. तो जबड्यात होता आणि उजव्या खांद्यात होता. बाईंनी विचारले, "त्याच्याविषयी आता काय वाटतं?" भाईजी म्हणाले, "लाज वाटते." बाई म्हणाल्या, "मग ही लाज वाटून घेणाराही एक भागच आहे. त्याला जरा बाजूला बसायला सांगा." अशी माणसे एकेक करून बाजूला बसवण्यात तीन भेटी गेल्या. स्थिर बसण्याची इतक्या वर्षांची सवय नसती, तर भाईजी तेवढे थांबलेच नसते. एका अर्थी ती सामायिके कुठेही गेली नव्हती.

चौथ्या भेटीत क्रोधाला प्रश्न विचारता आला, "तू हे करायचे सोडलेस, तर काय होईल अशी तुला भीती वाटते?" उत्तर शब्दांत आले नाही. एक दार दिसले.

1977 साल. भाईजी अकरा वर्षांचे. त्यांचे वडील, बाबूजी, भुईमुगाच्या एका सौद्यात बुडाले होते आणि देणेकरी घरी येत होते. त्या दुपारी दार वाजले, तेव्हा बाबूजी आतल्या खोलीत अंधारात बसले होते. आईने मुलाला पुढे केले आणि सांगितले, "बाबूजी गावाला गेलेत म्हण." मुलाने तसे म्हटले. दारातले गृहस्थ ओळखीचे होते, दिवाळीला घरी फराळाला येणारे. त्यांनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, उंबऱ्याशी पाहिले आणि म्हणाले, "चपला इथेच ठेवून गेले का रे?" त्यांच्या मागे उभे असलेले दोघे हसले. त्याच आठवड्यात पाठशाळेत त्या मुलाला सत्याविषयी चार वाक्ये पाठ बोलल्याबद्दल बक्षीस मिळाले होते.

ही गोष्ट भाईजी विसरले नव्हते. विसरले होते ते तिच्यातली लाज. बाजारात कोणाचे पैसे अडकले की गादीवर अठ्ठावन्न वर्षांचा आडतदार नसायचाच. दारात उभा राहिलेला तो मुलगा असायचा. त्याला पुन्हा तेथे उभे राहावे लागू नये म्हणून क्रोध धावून येत होता. मुलावर तुटून पडलेला क्रोध मुलाचा शत्रू नव्हता. अर्थात त्यामुळे मुलाला झालेली जखम लहान ठरत नाही, आणि भाईजींनीही ती लहान मानली नाही.

पुढे जे झाले ते ऐकायला साधे वाटेल. या पद्धतीत कोंडलेल्या भागाला विचारतात, आज काय वय आहे आणि काय काळ चालू आहे, हे त्याला ठाऊक आहे का. त्या मुलाला ठाऊक नव्हते. बाबूजींनी पुढल्या सात वर्षांत पैसा न् पैसा फेडला. 1984 च्या वहीत शेवटच्या देणेकऱ्याच्या खात्याखाली स्वतःच्या हाताने आडवी रेघ ओढली, आणि समाजात त्यांची पत पहिल्यापेक्षा वाढली. हे साऱ्या लातूरला माहीत होते, भाईजींना माहीत होते. दारातल्या मुलाला मात्र कोणी सांगितलेच नव्हते. त्या दिवशी भाईजींनी डोळे मिटून त्याला सांगितले. बाईंच्या खोलीत ते किती वेळ रडले, हे त्यांनी घड्याळात पाहिले नाही.

आपल्याकडे क्रोधाच्या चार जाती सांगितल्या आहेत. पाण्यावरची रेघ, वाळूवरची रेघ, जमिनीची भेग आणि दगडावरची रेघ. संवत्सरीपर्यंत जो मिटला नाही, तो शेवटच्या जातीकडे झुकतो. चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागणाऱ्या भाईजींनी बाबूजींना, त्या अंधाऱ्या खोलीत बसून राहिल्याबद्दल, कधी क्षमा केली नव्हती. आपण त्यांच्यावर रागावलो आहोत हेच त्यांना कळले नव्हते.

सगळे सुरळीत झाले असे मानू नये. क्रोध अजून येतो. अलीकडे जबडा आवळला की भाईजी गादीवरून उठून गोदामात जातात, पोत्यांच्या थप्पीशी उभे राहून दहा-बारा श्वास पाहतात, आणि मुनीमजींना आता त्याची सवय झाली आहे. कधी त्याआधीच तोंडून शब्द गेलेला असतो. चार लाख साठ हजारांपैकी निम्मे अजून यायचे आहेत. फार जुनी, फार खोल जखम असेल तर हे काम एकट्याने करू नये, जाणकाराच्या सोबतीनेच करावे, असे बाईंनी त्यांना बजावले आहे. आणि रक्तदाबाची गोळीही चालूच आहे.

गेल्या संवत्सरीला मुलगा आईच्या आग्रहाने घरी आला. प्रतिक्रमण आटोपून सगळे स्थानकातून परतले. एकमेकांना मिच्छामि दुक्कडं म्हणून झाले. मुलानेही वडिलांना हात जोडले, रीतीप्रमाणे. भाईजी म्हणाले, "बस जरा." आणि अकरा वर्षांच्या मुलाची, दाराची, हसणाऱ्या माणसांची सगळी गोष्ट त्यांनी सांगितली. ती त्यांच्या पत्नीनेही पूर्वी ऐकली नव्हती. शेवटी ते म्हणाले, "त्या दिवशी गादीवर मी तुला हसणाऱ्यांच्या समोर उभं केलं. माझी चूक झाली."

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग दाराकडे पाहत म्हणाला, "पप्पा, म्हणून तुम्ही चपला आत ठेवता?"

भाईजींनी कपाटाकडे पाहिले. हे त्यांच्या कधी लक्षात आले नव्हते.