फाळक्याच्या आत

आमच्याकडं घराची डागडुजी मृगाच्या आधी होते आणि ट्रॉलीची दसऱ्याच्या मागंपुढं. मृगाआधी माळवदावर पांढरी माती पडते, पन्हाळी मोकळ्या होतात. दसऱ्याच्या सुमाराला मात्र गंगाखेड, सोनपेठ, पालम या तालुक्यांतल्या कितीतरी वाड्यातांड्यांना माळवदाचं सोयरसुतक उरत नाही. घराला कुलूप लागायचं असतं. पुढचे पाच-सहा महिने काढायचे ते सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडच्या, नाहीतर सीमेपलीकडं बेळगावकडच्या उसाच्या फडात. तिथवर नेणारी, वाटेत रात्र काढू देणारी आणि फडात पोहोचल्यावरही उन्हाला आडोसा देणारी वस्तू म्हणजे ट्रॉली. आश्विनात आमच्याकडं डागडुजी चालते ती या घराची.

माझ्या धाकट्या भावाचं परळी रोडला वेल्डिंगचं दुकान आहे. मी परभणीला मास्तर. सुट्टी लागली की गावी येतो आणि दुकानापुढच्या बाकड्यावर ठाण मांडतो. आमचं घराणं सुताराचं. वडलांनी जन्मभर बैलगाड्या केल्या, भावानं लाकूड सोडून लोखंड धरलं, मी दोन्ही सोडून खडू. त्यामुळं मला कुणी काही करायला सांगत नाही. बघायला भरपूर मिळतं.

दुकानात आलेल्या ट्रॉलीचं पहिलं काम बहुतेक हुकाचं निघतं. ट्रॅक्टरच्या मागच्या कानात ट्रॉलीच्या दांडीचं भोक बसतं आणि दोन्हींतून पिन खाली जाते. एवढ्याशा पिनेवर सगळं ओझं. एका हंगामात उसाच्या खेपा ओढून ते भोक गोल राहत नाही, लांबट होतं. पिनही मधोमध झिजून कमरेत बारीक होते. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. उताराला ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, चढाला मागं खेचते, आणि दर वेळी त्या मोकळ्या जागेत ठक्क असा दणका बसतो. हा दणका ड्रायव्हरच्या कमरेला जाणवतो तसा ट्रॉलीत निजलेल्या लेकराच्या डोक्यालाही. भाऊ भोकात बोट घालून हळू फिरवतो. कुठल्या अंगानं किती खाल्लंय ते त्याला बोटाला कळतं. मग झिजलेला भाग गॅसनं कापायचा, जाड पोलादी कडं बसवायचं, बाहेरून चहूकडं टाका फिरवायचा. आतल्या अंगाला थेंबही सांडू द्यायचा नाही, नाहीतर नवी पिन अडते. शेजारीच साखळी जोडायची, पिन निसटली तर दांडी जमिनीत रुतून ट्रॉली उलटू नये म्हणून. साखळी कुणी मागत नाही, भाऊ विचारतही नाही.

त्यानंतर चाकं. एकेक चाक जॅकवर उचलून हातानं फिरवायचं आणि कान लावायचा. बेअरिंगमध्ये खरखर आली की हब उघडायचं, जुनं काळं ग्रीस चिंधीनं पुसून नवं भरायचं. पाट्यांतलं एखादं पान तुटलेलं असतंच. शेवटी मागं लाल रिफ्लेक्टर. हंगाम सुरू झाला की आरटीओचे लोक आणि कारखाने ते लावायची मोहीम काढतात, आणि काढायलाच हवी. रात्रीच्या अंधारात उभी असलेली उसाची ट्रॉली दिसत नाही, तिच्यावर आदळल्यावरच कळते.

हे सगळं झालं मालकाच्या खात्यावर. मालक म्हणजे ट्रॅक्टरवाला. त्यानं कारखान्याशी वाहतुकीचा करार केलेला असतो, मुकादमामार्फत टोळी बांधलेली असते, आणि टोळीतल्या एकेका जोडप्याला, म्हणजे एकेका कोयत्याला, उचल दिलेली असते. ती उचल फेडायची म्हणूनच ही सारी यात्रा. भावाच्या वहीत त्यामुळं एका ट्रॉलीची दोन पानं असतात. एका पानावर मालक: पिन, बेअरिंग, पाटे, टाके. दुसऱ्या पानावर टोळी. दुसऱ्या पानावरचा आकडा मुकादम उचलीत धरतो. मला या दोन पानांनी बरेच दिवस गुंतवून ठेवलं आहे. ट्रॉली चालावी म्हणून जे करायचं ती दुरुस्ती, तिचा खर्च मालकाचा. ट्रॉलीत माणसाला राहता यावं म्हणून जे करायचं ती सोय, तिचा खर्च राहणाऱ्याचा. ही रेघ कुणी आखली ठाऊक नाही, पण मिटवायची म्हटली तर दुकानात भांडणं होतात.

दुसऱ्या पानाची गिऱ्हाइकं बायका. पुरुष हुकाशी, टायरशी बोलतात. बायका फाळक्याच्या आत चढून उभ्या राहतात आणि वर बघतात. ताडपत्री तोलायला पाइपाच्या कमानी कुठं याव्यात, हे त्या हात वर करून दाखवतात. कमान डोक्याला लागेल इतकी खाली नको, वाऱ्यात फडफडेल इतकी वर नको. मग कडी: झोळी बांधायला एक इकडं, एक तिकडं. मग पाण्याच्या ड्रमाला कडं, दणक्यात तो लवंडू नये म्हणून. पत्र्याच्या पेटीला पट्टी. एका कोपऱ्यात आडवी सळई, जुनं लुगडं अडकवायला, त्यामागं कपडे बदलायला. एकदा एका म्हाताऱ्या मावशीनं खाली लोंबता आकडा करून घेतला होता. कशाला विचारलं तर म्हणाली, "कोंबड्याचं डालगं अडकवते रे लेकरा. वर ठेवलं की घाण करतेत." भावानं तो आकडा वळवून, टोक घासून दिला.

यातलं काहीच वायफळ नाही, आणि यातलं काहीच ऊस वाहायच्या कामाचं नाही. फडावर पोहोचलं की ट्रॉली रिकामी होते. बांबू, ताट्या, चटया, ताडपत्री उतरवून कोप्या उभ्या राहतात. बाजूचे फाळके निघतात, तळाला वायररोप पडतात, कारखान्यात क्रेननं मोळ्या एकदम उचलता याव्यात म्हणून. कमानी काढून कोपीमागं. पण कड्या जागच्या जागी असतात. पहाटे तीन-चारला फडात जायचं तर लेकराला कोपीत एकटं कसं ठेवायचं? रिकामी ट्रॉली फडात उभी असते तोवर झोळी तिथंच लागते. ट्रॉली भरायला लागली की झोळी खाली उतरून बांधावरच्या बाभळीला जाते.

२०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकावरचं घर, आत बिछाना, मोरी, स्वयंपाकाचा कट्टा, आणि ते लावायला सोयीची जागा. मला ते मनापासून आवडलं. निसर्गात जाऊन चाकावर झोपावं यात वाईट काय? त्याच वर्षी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजनाही निघाली, शाळेच्या वयाची पोरं आई-बापांबरोबर फडात न जाता तालुक्याच्या गावी शिकावीत म्हणून. योजना योग्यच. शिकवायचं काम करतो, मला दिवाळीनंतर रिकामे होणारे बाक माहीत आहेत. पण झोळीच्या वयाचं लेकरू वसतिगृहात जात नाही, ते ट्रॉलीतच जातं. आणि चाकावरच्या घराला मोरी हवी, हे कागदावर लिहून झालेलं असताना आमच्याकडं त्या मोरीची जागा एक सळई आणि एक जुनं लुगडं धरून आहे.

वडील असते तर या लोखंडी घराला नाकं मुरडली असती. त्यांचा जीव लाकडात. बैलगाडीचं चाक ते बाभळीचं करीत: मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठे. चाक कितीही नेमकं जुळवलं तरी ते धाव बसेपर्यंत नुसती जुळणी असते, हलवलं की कुरकुरतं. धाव लोहार करायचा, चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान. बसवायच्या दिवशी ती दगडांवर आडवी ठेवून भोवती गोवऱ्या रचत. गोवऱ्यांचा जाळ एकसारखा. लाकडाचा भडकतो आणि धाव एका अंगाला जास्त तापते. तापून लोखंड फुगलं की चार जण पकडींनी धाव उचलून चाकावर टाकत. लाकूड चर्र करून धुरायचं, वडील ओरडायचे, कुणी घण मारायचं, कुणी घागरी ओतायचं. लोखंड आवळत जायचं, आतून आरे कट्‌कट्‌ करत तुंब्यात शिरायचे. क्षणापूर्वी सुटे असलेले तुकडे एका दमात चाक होऊन बसायचे. खिळा नाही, सरस नाही. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव सैल पडायची. मग लोक गाडी ओढ्यात, डोहात उभी करून चाकं भिजवत. गंगेकाठच्या गावांना तेवढं सुख होतं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.

ती चाकं आता फडाकडं जात नाहीत. तिकडं बैल घेऊन जाणाऱ्यांना कारखान्याची टायरगाडी मिळते, भाड्यानं. बैल ट्रकमध्ये चढवून न्यायचे आणि गाडी तिथं घ्यायची. टायरमुळं गाडी हलकी चालते, म्हणून तिच्यावर ऊस जास्त चढतो, म्हणून बैलाच्या मानेवरचं ओझं होतं तिथंच राहतं. सुधारणेचा फायदा कुणाकडं वळला ते ज्याचं त्यानं बघावं. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठात पशुशक्तीच्या योग्य वापरावर संशोधन करणारी योजना चालते. बैलानं ओढायची अवजारं तिथं घडतात, तपासली जातात. २०२२ साली सांगली जिल्ह्यातल्या राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमधल्या पोरांनी टायरगाडीच्या जुवाखाली मधोमध एक फिरतं चाक बसवलं. नाव 'सारथी'. गाडीच्या पुढच्या अंगाचं ओझं मानेवर यायच्या ऐवजी काही त्या चाकावर उतरतं. फोटो देशभर फिरला. मी तो भावाला दाखवला. त्यानं मोबाईल आडवा-उभा करून पाहिला आणि म्हणाला, "खड्ड्यात चाक गेलं तर जू उचलंल का खाली बसंल?" कौतुक करायची ही आमच्या घरातली रीत आहे.

मग बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "बैलाच्या मानंचं बघितलं कुणीतरी. मोळीवालीच्या मानंचं?"

मोळी ट्रॉलीवर चढते ती माणसाच्या डोक्यावरून. ट्रॉलीला तिरपी फळी लावलेली, डोक्यावर मोळी, पायाखाली पाचटाचा चिखल आणि उसाच्या रसानं बुळबुळीत झालेलं लाकूड. खाली नवरा मोळी उचलून देतो, वर बाई चढते; नाहीतर उलट. ट्रॉली जशी भरत जाते तशी फळी उभी होत जाते, शेवटच्या मोळ्यांना चढ सगळ्यात जास्त आणि पायांत जोर सगळ्यात कमी. भाऊ आता टोळीसोबत जाणाऱ्या फळीला लोखंडी चौकट करतो आणि तिच्यावर वीतभराच्या अंतरानं सळया आडव्या टाकतो. पावलाचा चवडा सळईला अडला पाहिजे, पण बोट अडकता कामा नये. म्हणून सळई बोटाएवढी जाड, आणि दोन्ही टोकं आत वळवलेली, साडीचा काठ ओढला जाऊ नये म्हणून. पहिल्या वर्षी त्यानं ती दुकानातच लावून बघितली. डोक्यावर सिमेंटची गोणी घेऊन स्वतः चढला, उतरला, मग खाली बसून दोन सळया कापल्या आणि वर सरकवल्या. उतरताना चवड्याला वेगळं अंतर लागतं, म्हणाला.

ही फळी कुठल्या पानावर? मालक म्हणाला, सोय आहे, टोळीच्या पानावर घाल. टोळी म्हणाली, ऊस कुणाचा चढतो? दोन दिवस फळी दुकानाला टेकून उभी होती. शेवटी मालकानं ती घेतली, पण एक अट घालून: हंगाम संपल्यावर फळी त्याच्या वाड्यात जाईल.

परवा एक तरणी पोर आली होती, काखेत तीन-चार महिन्यांचं लेकरू. तिला झोळीची कडी पाहिजे होती, पण दोन नकोत, एकच, आणि ती मागच्या फाळक्याजवळ. पुढं ट्रॅक्टरचा धूर येतो, म्हणाली. भावानं ट्रॉलीच्या मागच्या खांबाला कडी लावली, थंड होऊ दिली, स्वतः दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिली. तिनं हळूच विचारलं, "दादा, हे उचलीत धरतेत का?"

"तुला किती उचल हाय?"

तिनं सांगितलं नाही. नवऱ्याकडं बघितलं.

संध्याकाळी मालक हिशेबाला आला. भावानं पहिलं पान पुढं केलं. पिन, कडं, बेअरिंग, आणि खाली त्याच्या किरट्या अक्षरात: मागचा फाळका दुरुस्ती.

"फाळक्याला काय झालतं रे?"

"लोंबायलता, मालक."

"आणि आता?"

"आता गच्च हाय. बघा ओढून."

मालक ओढून बघायला गेला नाही. आकडा दोनदा वाचला, शंभर रुपये कमी दिले आणि ट्रॅक्टर चालू केला.