आजीचा कसा

जळगाव,
वटपौर्णिमा

चि. सायलीस,


बॅगेत लोणच्याच्या बरणीखाली सापडलेल्या पट्टीचा फोटो पाठवून तू विचारलंस, ‘आत्या, परकराचा नाडा चुकून आलाय का?’ चुकून नाही, मीच घातलाय. आणि तो नाडा नव्हे, कसा आहे. ‘कसा आहेस’मधला नाही, पैशांचा. म्युनिकहून एकटीच प्राग-व्हिएन्नाला निघालीस, तेव्हा त्याची गोष्ट ऐकून जा.

नीट बघ. मांजरपाटाची दुहेरी पट्टी, आतून नळीसारखी पोकळ. एक टोक शिवलेलं, दुसऱ्याला तोंड, आणि कमरेला बांधायला दोन्हीकडे बंद. तुझे पणजोबा धुळ्याला कापूस विकून निघाले की रुपये एकामागोमाग एक यात सरकवायचे आणि दर चार-पाच नाण्यांनंतर पीळ देऊन दोरा बांधायचे. चालताना खुळखुळ व्हायला नको. त्यावर धोतर, त्यावर सदरा.

त्या रस्त्यांवर सरकारचाही पैसा सुखरूप नव्हता. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याहून नंदुरबारला निघालेला सरकारी खजिना हत्यारी पोलिसांचा पहारा असूनही चिमठाण्याजवळ लुटला गेला. साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम, आणि तीही स्वातंत्र्यलढ्यासाठी. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि आपल्याकडचे डॉ. उत्तमराव पाटील त्यात होते. पणजोबा ही गोष्ट अभिमानाने सांगायचे, पण शेवटी तुझ्या आजीला बजावायचे, ‘आख्खं एक जागे ठेवानं नई, माय.’

तो धडा आजीच्या कामी आला १९६७ साली. धुळ्याला तिच्या भावाचं ऑपरेशन होतं. तिने इथल्या सराफ बाजारात पाटल्या मोडल्या आणि पाचशेवर रुपये घेऊन एकटी निघाली. निम्म्या नोटा घडी करून कशात. काही चोळीच्या आत शिवलेल्या खिशात. काही कळण्याच्या भाकरीच्या फडक्यात, तळाशी. आणि कनवटीला, सहज दिसेल असा, सुपारीचा बटवा. त्यात तीन रुपये.

चाळीसगावला गाडी बदलायची. धुळ्याच्या गाडीत चढताना त्या रेटारेटीत कुणीतरी बटवा कापला. आजीने असा आकांत मांडला की डबा हादरला. ‘माझं सगळं गेलं हो!’ शिरूड येईपर्यंत ती रडत होती. बायकांनी पाणी दिलं, एका म्हाताऱ्याने हातावर चार आणे ठेवले. पण एवढ्या रडारडीत तिचा हात एकदाही कमरेकडे गेला नाही. ‘चोर खिसा बघत नाही, हात बघतो,’ ती म्हणायची. ‘माणूस घडीघडी जिथे चाचपतो, माल तिथेच असतो.’

तिच्या या नाटकाला आम्ही पोरं पोट धरून हसायचो. शेवटच्या आजारपणात एकदा मी तिला सुपारी कातरून देत होते, तेव्हा म्हणाली, ‘नाटक नव्हतं गं ते.’ बटव्यात तिच्या आईचा पितळी अडकित्ता होता. पैसे तिने चार ठिकाणी वाटले होते, अडकित्ता मात्र सवयीने तसाच बरोबर घेतला होता.

आता तुझं. पासपोर्ट, एक कार्ड आणि थोडे युरो कशात, कपड्यांच्या आत. दुसरं कार्ड बॅगेत, वेगळ्या कप्प्यात. पासपोर्टची झेरॉक्स तिसरीकडे, आणि एक फोटो तुझ्या बाबाकडे. पासपोर्ट गेलाच, तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. झेरॉक्स हाताशी असली की काम लवकर हलतं. कार्ड गेलं तर रडण्याआधी बँकेला फोन करून ते बंद कर. वरखर्चाची पर्स बाहेर ठेव, तो तुझा बटवा. कसा रस्त्यात उघडायचा नाही. लागलंच तर संडासाची कडी लावून. आपल्या गाड्यांत खालच्या बाकाखाली साखळी-कुलपासाठी कड्या असतात. तिकडे नसल्या, तर झोपताना बॅगेचा पट्टा पायात अडकव.

या कशाला जिवापाड जपू नकोस. हा काही पणजोबांचा नव्हे, तो कधीच विरला. त्याच मापाने आजीने हा शिवला. हरवला तर मी दुसरा शिवीन.

आजीची अंगठी तू मागितली होतीस आणि ती बॅगेत निघाली नाही म्हणून फोनवर गप्प झालीस, ते मला कळलं. ती माझ्या कपाटात आहे. दिवाळीला ये, बोटात घाल आणि घरभर मिरव. जाताना काढून माझ्या हातात दे.

प्रागला पोचलीस की फोन कर.

तुझी,
आत्या