पाळी आणि पाटकरी

पुरंदर तालुक्यातील नायगावी, १९७२च्या दुष्काळाने होरपळलेल्या माळरानावर, पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी देवस्थानाची पडीक जमीन खंडाने घेऊन पाणी अडविण्याचे जे प्रयोग आरंभिले, त्यांतून पुढे ‘पाणी पंचायत’ जन्मास आली; आणि बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याने आपले कार्य गावाच्या स्वाधीन कसे करावे, हा प्रश्न निघाला की माझे मन हटकून याच उदाहरणापाशी जाऊन थांबते.

तेथे हस्तांतर पहिल्या दिवसापासूनच सुरू होते. उपसा योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनीच भरावयाचा, पाणी जमिनीच्या नव्हे तर माणसांच्या मोजदादीने, माणशी अर्धा एकर व कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर, एवढेच द्यावयाचे, म्हणजे भूमिहीनालाही त्यात हक्क, उसाला मनाई, आणि पाळ्या लावणारा पाटकरी गटानेच नेमावयाचा. पाटकरी नेमणे ही वरवर क्षुल्लक बाब दिसते खरी, पण पाळी मोडून रात्री दारे फिरविणाऱ्या सख्ख्या चुलत्याला चारचौघांत अडविण्याचे अप्रिय कर्तव्य ज्या गावाने स्वतःच्या अंगावर घेतले, त्याला सोपवावयाचे आणखी फारसे काही उरत नाही. एरवी पुष्कळ सेवासंस्था कार्यभार सोपवितात तेव्हा झाडलोट, वर्गणी आणि राखण तेवढी गावाकडे जाते, आणि कीर्द-खतावणी, बँकेतील सही व शेवटचा शब्द शहरातल्या कचेरीत राहतो. हे म्हणजे कुळाकडून खंड घेत राहून त्यालाच मालक म्हणण्यासारखे आहे. (सोपविण्याच्या समारंभात शाल-श्रीफळ मात्र चुकत नाही.)

तरीही उसाची ती अट मला पुष्कळ काळ सलत राहिली. पाणी गावाचे, यंत्र गावाचे, तर पीक कोणते घ्यावे हे ठरविणारा बाहेरचा मनुष्य कोण? अखेर माझा कौल अटीच्याच बाजूने पडला. परंतु ती संस्थापकाच्या पुण्याईवर टिकेल, असे मी मानीत नाही. उसाने पाणी ओढून घेतले तर ज्याचा हिस्सा बुडेल, असा दुसऱ्याच्या रानात वाट्याने कसणारा भूमिहीन सभासद पाळीच्या यादीत हक्काने बसलेला आहे, आणि त्याचे गाऱ्हाणे हाच अटीचा खरा पहारा आहे. कार्य सोपविण्यापूर्वी कार्यकर्त्याने शोधावयाचा तो असा मनुष्य; घटना, ठराव, शिक्के मागाहून होतात.

साळुंखे २००२ साली निवर्तले. त्यांच्या नियमांत एखाद्या गटाने आपल्या सोयीने फेरफार केला, तर जुन्या सहकाऱ्यांना क्लेश होतील, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु तो फेरफार भर सभेत जमाखर्च वाचून, भूमिहीनाचे मत विचारून आणि पाटकऱ्याच्या संमतीने झाला असेल, तर त्याचा जाब विचारावयास त्यांनी कोणत्या अधिकाराने जावे?