दोन सुलट, दोन उलट

बँकेत काहीही अर्धवट ठेवता येत नाही. संध्याकाळी रोख जुळली नाही, की ती जुळेपर्यंत घरी जायचे नाही. दहा रुपये कमी आले तरी तेच आणि दहा रुपये जास्त आले तरी तेच. उलट जास्त आले तर घोर अधिक, कारण कमी पडलेले दहा खिशातून भरता येतात, जास्त झालेले दहा खिशात घालता येत नाहीत. वीस वर्षे हा व्यवहार केलेल्या माणसाला घरी आल्यावर निदान एक तरी गोष्ट अशी हवीशी वाटते, की जी आज जुळली नाही तरी कोणी विचारणार नाही. काही जण त्यासाठी राजकारणावर बोलतात. मी क्रोशा करतो. म्हणजे करत होतो. मग लोकर आली, मग शिवणयंत्र, मग चरखा.

सुरुवात बँकेतच झाली. पेन्शनचा दिवस होता आणि नेमकी लिंक गेलेली. लिंक गेली की बँकेत मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळे एकाच दर्जाचे अज्ञानी होतात, आणि 'येईल आता' हे एकच वाक्य सगळ्या काउंटरांवर चालू राहते. माझ्या समोरच्या बाकावर एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. बाकीची मंडळी आमच्या कुळाचा उद्धार करत होती. या बाई मात्र शांतपणे क्रोशाची सुई चालवत होत्या. मी विचारले, "बाई, हे काय करताय?"

"लिंक येईपर्यंत एक रुमाल होतो," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात दोन झाले होते."

बाईंनी मला काउंटरच्या जाळीतूनच साखळी शिकवली. मग मुका खांब, मग खांब, मग दुहेरी खांब. दुपारी लिंक आली तेव्हा माझी साखळी जाळीखालच्या फटीतून बाहेर लोंबत होती आणि एक आजोबा ती टोकन समजून धरून उभे होते.

क्रोशे म्हणजे फ्रेंच भाषेत लहानसा आकडा. एक आकडा आणि एक दोरा, एवढ्या भांडवलावर चालणारा दुसरा धंदा मला तरी माहीत नाही, आणि मी कर्जाचे अर्ज पुष्कळ पाहिले आहेत. १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजले, लाखो माणसे अन्नावाचून गेली, तेव्हा तिथल्या कितीतरी घरांतल्या बायकांनी क्रोशाची लेस विणून पोरेबाळे जगवली. रेडिओवर रुमाल, टीव्हीवर रुमाल, रुमालावर फुलदाणी नि फुलदाणीखाली पुन्हा रुमाल, अशा घरांना आपण हसत आलो. पण त्या आकड्याने कधीकाळी चूलही पेटवली आहे.

आमच्या हेडकॅशियरना हे पटले नाही. "पुरुषासारखा पुरुष, नि हातात क्रोशा?" म्हणाले. मी विचारले, "तुमची पँट कोणी शिवली?"

"गांधी पार्कातल्या शिंप्यानं."

"मग?"

"त्याचा धंदा आहे तो."

धंदा असला की पुरुषार्थ आणि छंद असला की बायकीपणा, हा हिशेब मला बी.कॉम.ला कोणी शिकवला नव्हता. मी नामदेव महाराजांचा दाखला दिला. जातिवंत शिंपी. नरसी त्यांचे गाव, आणि ते आमच्याच परभणी जिल्ह्यातले. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा काढला नि नामदेव कागदोपत्री तिकडे गेले. पण १२७० साली जन्मलेल्या माणसाला १९९९ ची वाटणी कशी लागू करायची, हे महसूल खात्याने सांगावे. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि गज, कात्री, सुई, दोरा हा शिंप्याचा सरंजामही पदांतून तिथवर गेला आहे. हेडकॅशियर म्हणाले, "ते संत होते." तिथे मात्र माझा युक्तिवाद खुंटला.

लोकरीकडे मी वळलो तो थंडीमुळे. परभणी म्हटले की लोकांना मे महिना आठवतो, आणि ते रास्तच आहे. आमच्याकडे मे महिन्यात डांबरसुद्धा सावली शोधते. पण २०१८ च्या डिसेंबरात आमच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा २ अंशांवर उतरला. त्या आठवड्यात अख्खे गाव मफलरीत होते आणि शेकोटीभोवती बसायला जागा मिळत नव्हती. मी लगेच सुया घेतल्या, निळी लोकर घेतली आणि दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी घातली. पाठ झाली, पुढचा भाग झाला, डावी बाही कोपरापर्यंत आली. तोवर उन्हाळा लागला. परभणीत एप्रिल महिन्यात मांडीवर लोकरीचा गोळा घेऊन बसणाऱ्या माणसाकडे शेजारी ज्या नजरेने पाहतात, ती पाहिली म्हणजे कला का मागे पडतात ते कळते.

मग आईचे उषा मशीन. आईच्या लग्नातले, पायडलचे. यंत्रांवर गांधीजींचा राग होता हे शाळेत शिकवतात, पण शिलाई मशीनला त्यांनी १९२४ साली खास सूट दिली होती, हे शिकवत नाहीत. बायकोला हाताने टाके घालताना पाहून सिंगरसाहेबाच्या मनात कणव आली आणि त्याने हे यंत्र केले, अशी त्यांची समजूत होती. मी जरा खोलात गेलो. सिंगरसाहेबाने १८५१ साली पेटंट घेतले हे खरे, पण त्याची बायको एक नव्हती, आणि मुले दोन डझनांच्या घरात होती. एवढ्या मुलांचे कपडे म्हटल्यावर यंत्र लागणारच. त्याच्याही आधी फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने यंत्र केले होते. तिथल्या शिंप्यांनी १८३१ साली कारखान्यात घुसून त्या यंत्रांचा चुराडा केला. आमच्याकडे संगणक आले तेव्हा बँकवाल्यांनी नुसते मोर्चे काढले. आम्ही फारच सौम्य लोक.

२०२० च्या टाळेबंदीत सगळ्यांना घरी बसायला मिळाले, बँकवाल्यांना नाही. संध्याकाळी आलो की मी मशीनवर बसायचो आणि जुन्या साड्यांचे मास्क शिवायचो. गल्लीत वाटले, बँकेत वाटले. भाजीवाला तर काठाचा मास्क मागून न्यायचा. ते दोन महिने मी घरातला कर्ता पुरुष होतो. बायको चहा न मागता आणून द्यायची. पण त्यातच तिला धंदा दिसला. "अहो, आता फॉल-पिको सुरू करा की. नानलपेठेतसुद्धा त्याला चार-चार दिवस थांबावं लागतं." त्या रात्रीपासून मशीनवरचे माझे मन उडाले. साडी चार दिवसांनी द्यायची म्हटली की ती झालीच पाहिजे, आणि झालीच पाहिजे अशा गोष्टी मी दहा ते पाच करतोच.

चरख्याचे त्यातूनच आले. कापसाच्या जिल्ह्यात जन्मलो, मानवत-सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागलेल्या पाहिल्या, पण बनियन मात्र तिरुपूरची घालायची, हे मनाला लागत होते. पेटीचरखा आणला. मामेभावाकडून दहा किलो कापूस आणला. सरकी काढली की रुई उरते जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीची सरकी काय करायची, हा प्रश्न शेजारच्या म्हशीने सोडवला. चांगल्या चरख्यासाठी १९२९ साली एक लाखाचे बक्षीस लावले होते. लाखात का होते, ते मला पहिल्या संध्याकाळी उमगले. माझे सूत पाहून आई म्हणाली, "काय करायलास रे हे? ह्याच्या शेवया तरी होतील का?"

एव्हाना बायकोने माझ्या एकेका छंदाला एकेक डबा दिला होता आणि डब्यावर चिठ्ठी: 'क्रोशा, जुलै ते दिवाळी', 'स्वेटर, जानेवारी ते गुढीपाडवा'. मी तिला कॉमर्स समजावले. कारखान्यात अर्धा तयार झालेला माल कोणी फेकून देत नाही, त्याला चालू काम म्हणतात आणि ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दाखवतात. ती म्हणाली, "मग त्या मालमत्तेला माळ्यावर ठेवते."

सध्या मी गोधडीवर आहे. गोधडी आईची, मी नुसता सुया ओवतो. आईच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले आहेत. लांबचे तिला लख्ख दिसते, समोरच्यांकडे कोण आले, काय घेऊन आले, सगळे. पण सुईचे नेढे दिसत नाही. म्हणून सकाळी बँकेत जाण्याआधी मी बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवतो. संध्याकाळी त्या रिकाम्या झालेल्या असतात. वरच्या थराला आईची लुगडी आहेत, खालच्याला बायकोची साडी. मधल्या थरात वडिलांची दोन धोतरे आहेत. मी म्हटले, "आई, मधे घातलीस तर ती दिसणार नाहीत."

"दिसायला कशाला पायजेत? ऊब लागती की."

टाका मला घालू देत नाही. एकदा दिला होता, चार बोटे धावदोरा घातल्यावर म्हणाली, "बँकेतली सही केल्यावानी टाके हायेत तुझे, एकासारखा दुसरा नाही." वीस वर्षे सह्या जुळवणाऱ्याला हे ऐकावे लागले. पण ते चार बोटे टाके तिने उसवलेले नाहीत. मी रोज पाहतो.

मुलगी जूनमध्ये पुण्याला शिकायला जाणार. वसतिगृहात तिला हीच गोधडी न्यायची आहे. बायको रोज हिशेब करते. "आई, दिवसाला दोन ओळी झाल्या तर मेअखेर होईल की नाही?"

"घाई काय हाय?" आई म्हणते. "तुझ्या नवऱ्यानं तरी कुठं काय पुरं केलंय?"

गेल्या रविवारी कडेची शेवटची ओळ दिसायला लागली. मी आठच सुया ओवल्या, तेवढ्या पुरल्या असत्या. सोमवारी बँकेतून आलो, तर आईने शेजारच्या पोराला माळ्यावर चढवून आणखी दोन जुन्या साड्या काढायला लावल्या होत्या. एक थर कमी वाटतोय म्हणाली. पुण्याला थंडी फार असते. मी पुन्हा बारा सुया घेतल्या.