संगणक-जाळ्याची परीक्षा

शाळा सुटली म्हणजे परीक्षांचा ससेमिराही सुटला, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो. तो किती भ्रामक आहे, याचा अनुभव आम्हां चौघां माजी विद्यार्थ्यांस आला. पदवी पदरी पडल्यावर संगणकांचे जाळे उभारण्याच्या व राखण्याच्या व्यवसायात शिरावयाचे, असा आम्ही निश्चय केला. या व्यवसायाच्या उंबरठ्यावर ज्या परीक्षा आहेत, त्यांपैकी सिस्को कंपनीची 'सीसीएनए' ही परीक्षा विशेष प्रसिद्ध आहे. १९९८ पासून ती घेतली जाते. अवधी १२० मिनिटांचा. एकदा पुढे गेले की मागील प्रश्नाकडे परतण्याची सोय नाही. आणि शुल्क ३०० डॉलर, म्हणजे पंचवीस हजार रुपयांहून अधिक! अपयश आले तर पुन्हा बसण्यासाठी पुन्हा शुल्क भरावयाचे. आमच्यातील एकीच्या आईने शिवणकाम करून भिशीत साठविलेली रक्कम या कामी काढून दिली. तेव्हापासून या परीक्षेचे ओझे आमच्या एकट्यांच्या शिरावर राहिले नाही.

अभ्यासास आरंभ करतो न करतो, तोच एका परिचिताने आम्हांस सोपी वाट दाखविली. चोरून मिळविलेल्या प्रश्नांचे संच अल्प किमतीस विकत मिळतात. ते पाठ करावे आणि मोकळे व्हावे! असे करणे परीक्षेच्या करारास सोडून आहे व उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, हे तर खरेच. परंतु आमची शंका निराळी होती. पाठ केलेले उत्तर परीक्षकास फसवील. बंद पडलेल्या जाळ्यास ते कसे फसविणार? रात्री दोन वाजता एखाद्या रुग्णालयातील संगणक परस्परांशी बोलेनासे झाले, तर तेथे चार पर्याय पुढे करून 'यांतील एक निवडा' असे कोण म्हणणार आहे? सबब ती वाट आम्ही सोडून दिली.

या विद्येतील पहिली अवघड चढण म्हणजे पत्त्यांचे गणित. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीप्रमाणे जाळ्यातील पत्ता बत्तीस अंकस्थानांचा असतो व प्रत्येक स्थानी शून्य किंवा एक एवढेच येते. अशा पत्त्यांच्या समूहाची वाटणी करावयाची असते. ही वाटणी आम्हांस एका वाड्याच्या दृष्टान्ताने उमगली. समजा, वाड्यात २५६ खोल्या आहेत व चार भावांत त्या सारख्या वाटावयाच्या आहेत. प्रत्येकाच्या वाट्यास ६४ खोल्या येतील. परंतु पहिल्या खोलीचा क्रमांक त्या वाट्याचे नाव म्हणून राखून ठेवावयाचा, व शेवटच्या खोलीचा क्रमांक त्या वाट्यातील सर्वांस एकदम हाक मारण्यासाठी. राहण्यास उरतात ६२. परीक्षेत गणकयंत्र नेता येत नाही. पुसता येण्याजोगी एक पाटी तेवढी मिळते. म्हणून आम्ही रोज सकाळी शाळेत पाढे म्हणत असू त्याप्रमाणे १२८, ६४, ३२, १६ अशी उतरंड म्हणत, कागदावर वीस-वीस वाटण्या करीत होतो.

पण केवळ कागदाने हात तयार होत नाही. जुन्या मालाच्या बाजारातून आम्ही एक राऊटर व दोन स्विच आणले. जे विकत घेणे शक्य नव्हते, त्याची हौस 'पॅकेट ट्रेसर' नावाच्या विनामूल्य आज्ञावलीवर भागविली. रोज सायंकाळी एक खेळ ठरलेला असे. एकाने जाळे मुद्दाम बिघडवावयाचे व उरलेल्या तिघांनी दोष हुडकावयाचा. एके दिवशी १९२.१६८.१०.७० या पत्त्याचा संगणक शेजाऱ्यांशी सुरळीत बोले, परंतु बाहेर त्याचा शब्द जाईना. तार ठीक होती, राऊटर जागा होता. इतक्यात शिवणकाम करणाऱ्या माउलीची ती कन्या म्हणाली, "याचा वाडा ६४ पासून १२७ पर्यंत आहे, आणि याला दरवाजा दाखविला आहे १ क्रमांकाचा. तो तर दुसऱ्या भावाच्या घरात आहे!" दरवाजाचा पत्ता ६५ असा दुरुस्त करताच संगणक बोलू लागला. सकाळचा कंटाळवाणा पाढा सायंकाळी असा उपयोगी पडलेला पाहून आम्हांस जो आनंद झाला, तो कोणत्याही प्रमाणपत्राने व्हावयाचा नाही.

एवढे करून निकाल मात्र आमच्या मनाजोगा लागला नाही. आम्ही तिघे उत्तीर्ण झालो, आणि जिच्या नजरेतून एकही दोष सुटत नसे, तिलाच अपयश आले. भिशीचे पैसे गेले. तिघांच्या पेढ्यांची पुडी त्या दिवशी उघडली गेली नाही. तिच्या आईने मात्र एवढेच विचारले, "जे शिकलीस ते तर कोणी परत घेतले नाही ना?" निकालपत्रावर प्रत्येक विभागातील गुणांचे प्रमाण दिलेले असते. ते पाहता सुरक्षितता व स्वयंचलन हे दोन विभाग कच्चे राहिल्याचे दिसले. दुसऱ्या शुल्कासाठी तिने चार महिने एका दुकानात संगणक-दुरुस्तीचे काम केले व रात्री तेवढ्या दोन विभागांचा अभ्यास केला. दुसऱ्या खेपेस ती उत्तीर्ण झाली. आणि त्या चार महिन्यांत दुकानात हाताखालून गेलेल्या बिघाडांच्या बळावर आम्हां तिघांच्या आधी नोकरीसही लागली.

हे प्रमाणपत्रही तीनच वर्षे टिकते. पुढे ते नवे करावे लागते. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी या वाटेस आलाच, तर शून्य आणि एक यांचे गणित आजच हाताने करावयास लागा, व एखादे जुने यंत्र उघडून पाहावयास भिऊ नका. आणि पालकांस आमची नम्र विनंती अशी की, पाल्य निकाल घेऊन घरी आला म्हणजे गुण विचारण्यापूर्वी त्या माउलीचा प्रश्न एकवार विचारून पाहावा.