हळदीच्या दिवसांत लोर्ना

ताप उतरला, पण अंगात त्राण नाही. आमच्या कुरुंदा गावात हळद शिजवायचे दिवस; ओसरीवर पडल्या पडल्या तो ओला, उग्र वास नाकात भरतो. मुंबईतल्या शाळूसोबत्यानं काल मोबाइलवर गायिका लोर्ना कोर्देरोची गाणी पाठवली. कोकणी शब्द अर्धेमुर्धे कळले, आवाज मात्र पुरता भिडला. भरदार, थोडा खरखरीत, पाठीमागं ट्रम्पेट.

आमची गाण्यांची देवाणघेवाण ‘अलबेला’पासूनची. १९५१चा सिनेमा, सी. रामचंद्रांचं संगीत आणि पडद्यावर वाजवणारे गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. या मित्रानंच ते मला बोट ठेवून दाखवले. मग जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड, बिली हॉलिडे. बदल्यात मी त्याला आमच्या भजनी मंडळाचे आवाज ऐकवत आलो.

लोर्नाला संगीतकार ख्रिस पेरींनी घडवलं. पुढं ती कितीतरी वर्षं गायलीच नाही, १९९५मध्ये परतली. गळ्यात एवढं गाणं असताना माणूस कसा गप्प राहत असेल? मित्राला विचारलं. तो म्हणाला, “आधी नीट ऐक.”

ऐकतोय. तुम्हीही जुन्या मित्राला फोन लावाल तेव्हा नुसती ख्यालीखुशाली विचारू नका. सध्या काय ऐकतोस, तेही विचारा.