तंजावर : दोघांची यादी

लग्नाला वीस वर्षे झाली, पण दोघेच असे कुठे गेलो नव्हतो. दोन दिवसांसाठी तंजावर ठरले. मी लगेच यादी केली : राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेले बृहदीश्वराचे देऊळ, त्याच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवलेला भोसल्यांचा मराठी इतिहास, मग पायीच राजवाडा आणि सरस्वती महालातले मोडी कागद.

हिने यादी वाचली. “अहो, यात मी कुठे?”

“माझ्याबरोबर!”

“बरोबर कसली? तुम्ही सदा चार पावले पुढे.”

मी निमूटपणे मोडी कागद खोडले. त्या जागी लिहिले : दगड तापण्यापूर्वी देऊळ, उन्हे उतरल्यावर रमतगमत राजवाडा. शिलालेखही खोडू लागलो, तशी ती म्हणाली, “तो असू द्या. तिथं तरी तुम्ही थांबाल, मी गाठीन.”